स्टीम डेक (हातात धरून खेळायचा गेमिंग कॉम्प्युटर) अपडेटनंतर लोगोवरच अडकतो आणि एरवीही सुरू व्हायला वेळ घेतो. सगळं फॉरमॅट करावं का?

फॉरमॅटची घाई अजिबात करू नका. डेकची ऑपरेटिंग सिस्टम, स्टीमओएस ३, आर्च लिनक्स या मुक्त सिस्टमवर बेतलेली आहे आणि तिच्या सिस्टमच्या दोन प्रती, ए आणि बी, ड्राइव्हवर असतात. अपडेट नेहमी वापरात नसलेल्या प्रतीवर उतरतं, म्हणजे जुनी चालती प्रत शाबूत राहते.

आधी पॉवर बटण दहा-बारा सेकंद दाबून डेक पूर्ण बंद करा. मग तीन टिंबांचं बटण दाबून धरा आणि पॉवर दाबा. मेनूत आधीची आवृत्ती निवडली की बहुतेकदा गाडी रुळावर येते. गेम्स आणि सेव्ह होम पार्टिशनवर, म्हणजे ड्राइव्हच्या वेगळ्या भागात असतात, त्यांना यात हात लागत नाही.

तरीही नाही झालं, तर पेनड्राइव्हवर रिकव्हरी इमेज (सिस्टम दुरुस्तीची फाइल) घेऊन त्यातला 'रीइन्स्टॉल' पर्याय वापरा. 'रीइमेज' मात्र सगळंच पुसतं, तिथे दोनदा वाचूनच क्लिक करा!

नुसता गेम गोठला असेल तर स्टीम बटण आणि बी बटण एकत्र दाबून धरा, गेम तेवढा बंद होतो.

वेगाचं म्हणाल, तर रोज शटडाउन कशाला करता? पॉवर बटण हलकं दाबून स्लीप करा, गेम होता तिथूनच पुढे चालू होतो. बायोस (डेक सुरू होताना सर्वात आधी चालणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटनंतरच्या पहिल्या बूटला मात्र स्क्रीन बराच वेळ काळी राहू शकते. तेव्हा मध्येच बंद करू नका, चार्जर लावून थांबा.