पिसवा गोळा करण्याआधी

पहिली गोष्ट, प्रत्येक प्राण्याला वेगळी पांढरी कापडी पिशवी. एकाच पिशवीत घूस आणि चिचुंद्री टाकलीस की पिसू कोणाची हे कायमचं हरवतं, आणि आपलं सगळं काम त्या एका प्रश्नावरच उभं आहे. मेलेला उंदीर मिळाला तरी लगेच पिशवीत घाल. अंग थंड होऊ लागलं की पिसवा त्याला सोडून जातात.

यजमान, म्हणजे पिसू ज्याच्या अंगावर राहते तो प्राणी, नीट ओळखायला शीक. पिसवा फारशा एकनिष्ठ नसतात. घरातल्या काळ्या उंदरावरची झेनोप्सिला चिओपिस ही पिसवेची जात घुशीवरही सापडते. तिचीच बहीण-जात झेनोप्सिला ॲस्टिया माळावरच्या जर्बिलवर (उंदरासारखा रानटी प्राणी) भेटते, तशी घरच्या उंदरावरही. दोघींनाही कंगवे (डोक्यावर किंवा छातीवर असणारी जाड काट्यांची रांग) नसतात, वरवर अगदी सारख्या दिसतात. मादीच्या शुक्रकोशाचा (शुक्राणू साठवणाऱ्या पिशवीचा) आकार सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय नाव लिहू नकोस. हा फरक क्षुल्लक नाही: प्लेग पसरवण्यात चिओपिस ॲस्टियापेक्षा कितीतरी घातक. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगची बातमी येण्याआधी लोक पिसवांच्या त्रासाचीच तक्रार करत होते.

नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेव. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाक, शाई विरघळते. ज्या उंदरावर एकही पिसू मिळाली नाही, त्याचीही नोंद कर. नवखे हे शून्य सोडून देतात, मग दर उंदरामागे सरासरी किती पिसवा हा आकडा फुगतो. शक्य असेल तर बिळातली माती, गवतही चाळ; अळ्या आणि कोश तिथेच असतात.