क्वीझी म्हणजे नक्की काय होतं?

प्रश्न : ताई नमस्कार. आमच्या ऑफिसच्या कॉलवर परदेशातला एक सहकारी म्हणाला की त्याला क्वीझी वाटतंय. मी लगेच म्हटलं, मग आराम कर, बरं नसेल तर डॉक्टरला दाखव. तर तो म्हणे तब्येतीचं नाही, या डीलबद्दल बोलतोय मी! डिक्शनरीत तर मळमळणे असाच अर्थ दिलाय. डीलमुळे मळमळ कशी होईल? आणि नॉशस, स्क्वीमिश हे पण त्यातलेच शब्द आहेत का?

उत्तर : तुमचं फारसं काही चुकलं नाही, पहिला अर्थ तोच आहे. पण मला विचाराल तर क्वीझीला मळमळपेक्षा जवळचा मराठी शब्द आहे "कसंतरी होणं". बघा ना, गाडी लागली की आपण म्हणतो कसंतरी होतंय, आणि कुणी आपल्यासमोर दुसऱ्याला फसवत असेल आणि आपण गप्प बसलो असू तेव्हाही म्हणतो, मला कसंतरीच झालं. पोट आणि मन दोन्हीकडे तोच शब्द चालतो, आणि क्वीझीचं अगदी तसंच आहे. तुमच्या सहकाऱ्याला त्या डीलमध्ये काहीतरी बरोबर नाही असं आतून वाटत होतं, बोट ठेवून सांगता येत नसेल कदाचित, पण पटत नव्हतं.

पोटाच्या अर्थाने वापरताना एक लक्षात ठेवा, हा शब्द सौम्य आहे. उलटी झालेली नाही, होईलच असंही नाही, फक्त पोटात ढवळतंय. म्हणून बऱ्याचदा "आय फील अ बिट क्वीझी" असं म्हणतात. आपल्याकडे बरेच जण डॉक्टरला सरळ "आय ॲम व्हॉमिटिंग" सांगतात, आणि म्हणायचं असतं उलटीसारखं वाटतंय. समोरच्याला वाटतं यांना उलट्या सुरू आहेत! तिथे क्वीझी म्हणा किंवा "आय फील लाइक व्हॉमिटिंग" म्हणा, कारण औषध देणाऱ्याला हा फरक कळायलाच हवा.

अजून एक चूक खूप ऐकू येते, "आय ॲम हॅविंग क्वीझी". आपण मराठीत "मला मळमळतंय" म्हणतो, त्यात करणारा कुणी नसतोच, आपोआप होतं ते, त्यामुळे इंग्रजीत वाक्य कसं बसवायचं ते चटकन सुचत नाही. क्वीझी हे विशेषण आहे, म्हणून फील किंवा ॲम लावायचं आणि झालं. नाम हवं असेल तर क्वीझीनेस.

मनाच्या अर्थाने असेल तर पुढे बहुतेक वेळा अबाउट येतं. पण ऑफिसच्या मेलमध्ये जरा जपून हं. "आय फील क्वीझी अबाउट धिस" याचा अर्थ नुसता "मला काळजी वाटते" असा होत नाही, त्यात यात काहीतरी गैर आहे असा सूर असतो. डेडलाइन गाठता येईल का एवढीच चिंता असेल तर वरीड किंवा कन्सर्न्ड पुरे, नीतीचा प्रश्न असेल तेव्हाच क्वीझी काढा.

आणि इथे एक फसगत होते. मराठीत "मनातली मळमळ बाहेर काढली" म्हणतो ना, त्याचा क्वीझीशी काही संबंध नाही, ती जळफळ, साचलेला राग. शब्दाला शब्द ठेवून भाषांतर केलं की अर्थ पार उलटा जातो.

आता बाकीचे दोन. स्क्वीमिश हा बहुतेक वेळा स्वभाव, रक्त किंवा इंजेक्शन बघूनच ज्याला कसंतरी होतं तो माणूस. क्वीझी ही त्या वेळेपुरती अवस्था, तासाभराने बरं वाटू शकतं. नॉशसवर मात्र इंग्रजीवाल्यांमध्येच वाद आहे, जुन्या वळणाचे लोक म्हणतात नॉशस म्हणजे मळमळ आणणारी गोष्ट, उदाहरणार्थ घाण वास, आणि ज्याला मळमळतंय तो नॉशिएटेड. पण आज बहुतेक सगळे स्वतःलाच नॉशस म्हणतात आणि त्याला चूक म्हणण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

नॉशिया या शब्दाचं मूळ मात्र मला फार आवडतं. ग्रीक भाषेत नाउस म्हणजे जहाज, त्यावरून आधी बोट लागणं हा अर्थ आला आणि मग कुठल्याही मळमळीला तो शब्द चिकटला. संस्कृतातला नौ त्याच कुळातला, म्हणजे आपली नौका आणि त्यांचा नॉशिया एकाच घरातले! बोटीवर असं का होतं तर कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण हलतोय, आणि केबिनमध्ये बसलेले डोळे सांगतात सगळं स्थिर आहे, मेंदूला दोघांचा मेळ लागत नाही. म्हणूनच गाडीत मोबाईल वाचणाऱ्याला जास्त त्रास होतो आणि लांब क्षितिजाकडे बघितलं की जरा बरं वाटतं.

प्रश्न : ताई, क्वीझी आणि अनईझी एकच ना? ऐकायला सारखेच वाटतात.

उत्तर : यमक जुळतं खरं, पण अनईझीमध्ये पोट येत नाही, ती नुसती अस्वस्थता. रात्री उशीर झाला, मूल घरी आलं नाही, तर तुम्ही अनईझी. क्वीझी म्हणायला थोडी तरी शिसारी लागते.