पुरुषाचे 'वंध्यत्व', 'नपुंसकत्व' आणि 'अचूक औषध'

रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकाचं भाषांतर करणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: मूल न होण्याचं कारण पुरुषात असेल तर 'वंध्यत्व' लिहावं की 'नपुंसकत्व'? त्यांच्या सहकाऱ्यांच्या मते वंध्यत्व हे बाईचंच असतं. शिवाय 'प्रिसिजन मेडिसिन'ला, म्हणजे आजाराचं नेमकं कारण शोधून त्यानुसार उपचार ठरवण्याच्या पद्धतीला, 'अचूक औषध' चालेल का?

ताई, 'वंध्यत्व'च लिहा. संस्कृत 'वन्ध्या', प्राकृत 'वंझा', मराठी 'वांझ' या वाटेने आलेला शब्द आपल्याकडे बाईला आणि गाईला चिकटला, म्हणून सहकाऱ्यांना तसं वाटत असावं. पण 'वन्ध्य' या विशेषणाचा अर्थ निष्फळ एवढाच आहे आणि ते तिन्ही लिंगी चालतं. ज्याचा राग फुकट जात नाही, त्याला संस्कृत कवी भारवीने 'अवन्ध्यकोप' म्हटलं आहे. आपणही चर्चेला वांझोटी म्हणतोच.

'नपुंसकत्व' मात्र अजिबात नको. त्या शब्दातून लोकांना संभोगाची असमर्थता कळते, आणि वीर्यात शुक्राणू नसलेल्या कितीतरी पुरुषांचं कामजीवन सुरळीत असतं. हा फरक पुसला की प्रत्यक्ष इजा होते. 'नपुंसक' ऐकून धास्तावलेला तरुण पौरुष वाढवायला टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची (हार्मोनची) इंजेक्शनं घेतो. संप्रेरक बाहेरून मिळू लागलं की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी वृषणांना संदेश देणं कमी करते आणि होते तेही शुक्राणू घटतात.

जुन्या ग्रंथांत हे सगळं एकच मानत, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात (अध्याय ३०) 'क्लैब्य' हे एकच नाव आहे खरं, पण लगेच त्याचे कारणांवरून चार प्रकार केले आहेत: बीजोपघात, ध्वजभंग, वार्धक्यातून येणारं आणि शुक्रक्षयातून येणारं. बीजातला दोष वेगळा आणि ताठरतेचा वेगळा, हे तिथे स्पष्ट आहे. 'ध्वजभंग' तर मला फार नेटका शब्द वाटतो.

आता दुसरा प्रश्न. 'अचूक' म्हणजे जे चुकत नाही ते. रुग्ण त्यातून रामबाण असा अर्थ घेईल, आणि ते आश्वासन कुणीच देऊ शकत नाही. 'औषध'ही बसत नाही, कारण या पद्धतीत कधी कधी काय करू नये हेच ठरतं. वीर्यात शुक्राणू नाहीत, असा एकच निष्कर्ष तीन जणांच्या कागदावर असू शकतो. एकाच्या वाय गुणसूत्राचा 'एझेडएफ' नावाच्या पट्ट्यातला तुकडा गळालेला असतो. गुणसूत्राच्या या भागाचा शुक्राणुनिर्मितीशी संबंध आहे, हे १९७६ मध्ये तिएपोलो आणि झुफार्दी यांनी दाखवलं. यातला 'ए' किंवा 'बी' भाग पूर्ण गेलेला असेल तर वृषणातून शुक्राणू मिळण्याची आशा जवळपास नसते, म्हणून शस्त्रक्रिया टाळायची. फक्त 'सी' गेला असेल तर साधारण निम्म्या पुरुषांत ते सापडतात. मात्र त्यातून मुलगा झाला तर तीच उणीव त्याच्याकडे जाते. हे रक्ताच्या एका तपासणीने आधीच कळतं, आणि एका घराची केवढी वणवण वाचते! दुसऱ्याच्या शुक्रवाहिन्याच जन्मतः नसतात; त्यामागे बहुधा सीएफटीआर जनुकातला बदल असतो, म्हणून उपचाराआधी पत्नीचीही तपासणी करावी लागते, नाहीतर बाळाला सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसांचा आणि पचनाचा गंभीर आनुवंशिक आजार होण्याचा धोका राहतो. तिसऱ्याची पीयूषिका ग्रंथीच मंद असते. त्याला संप्रेरकांची योग्य इंजेक्शनं काही महिने दिली की पुष्कळदा शुक्राणू दिसू लागतात.

तेव्हा 'नेमके उपचार' म्हणा. नेम कशावर धरायचा ते आधी ठरलेलं असणं, हा भाव त्यात आहे. 'व्यक्तिनिहाय उपचार' वाईट नाही, पण इथे भर व्यक्तीपेक्षा कारणावर आहे.

पत्रकाच्या मथळ्यात 'पुरुष-वंध्यत्व: नेमके निदान, नेमके उपचार' शोभेल. 'ॲझूस्पर्मिया'साठी नवा जोडशब्द घडवू नका. 'वीर्यात शुक्राणू नसणे' असं सरळ लिहा आणि शेजारी मूळ शब्द देवनागरीत ठेवा, कारण रुग्णाच्या रिपोर्टवर तोच असणार आहे.