रिंग वाजायच्या आधीच स्पीकर टरटरतो!

प्रश्न : काका, आजोबांचा बटणांचा मोबाईल कॉम्प्युटरच्या स्पीकरशेजारी ठेवला की फोन वाजायच्या दोनेक सेकंद आधी स्पीकर ‘टर्र-टिटिट-टर्र’ करतो. आईच्या स्मार्टफोननं असं होत नाही. मोबाईलच्या लहरी ऐकू येत नाहीत असं शाळेत शिकवलंय. मग हा आवाज कसला? मी पेटी शिकते, म्हणून विचारते, त्याला सूर आहे का?
— अकरावीतली एक वाचक, बार्शी

उत्तर : दुकानात हा प्रश्न माझ्याकडे तक्रार म्हणूनच यायचा. ‘तुम्ही अँप्लिफायर दुरुस्त केलात आणि तो टरटरायला लागला!’ गिऱ्हाइकाचा फोन अँप्लिफायरच्याच डोक्यावर ठेवलेला असायचा.

शाळेत शिकवलं ते बरोबर आहे. आकाशवाणी पुण्याची ७९२ किलोहर्ट्झची लहर घे. सेकंदाला ७ लाख ९२ हजार हेलकावे. आपला कान वीस हजारांच्या पुढे बहिरा. पण निवेदक बोलतो तसा त्या लहरीचा जोर कमी-जास्त होत असतो, आणि ऐकायचा असतो तो हा चढउतार. पेच एवढाच, की लहर जेवढी पुढे ढकलते तेवढीच मागे ओढते. बेरीज शून्य, स्पीकरचा कागद जागचा हलत नाही. म्हणून वाटेत एकाच बाजूला उघडणारं दार लावायचं, म्हणजे डायोड. मागची ओढ अडली की नुसते धक्के उरतात, त्यांची सरासरी आवाजाबरहुकूम वर-खाली होते आणि कागद तिच्यामागे जातो. (स्फटिकाचं असं दार वापरण्याचं अमेरिकन पेटंट १९०४ साली आपल्या जगदीशचंद्र बोस यांना मिळालं.)

नववीत असताना, हडपसरला, मी असा बिनसेलचा रेडिओ केला होता. पुठ्ठ्याच्या नळीवर एनॅमलची (वीज अडवणाऱ्या रोगणाचा लेप असलेली) तांब्याची तार, भंगारातला गँग (स्टेशन लावायचा फिरता कपॅसिटर), ओए ७९ डायोड, क्रिस्टल इअरफोन. एरियल म्हणून कपडे वाळत घालायची तार, अर्थ नळाच्या लोखंडी पाइपला. दोन संध्याकाळ नुसती शांतता. डायोड उलटा लावला, सुलटा लावला, दुकानदाराला शिव्या घातल्या. तिसऱ्या दिवशी वडिलांनी गुंडाळीची टोकं बघितली आणि हसले. एनॅमल खरवडायचंच राहिलं होतं! ब्लेडनं तांबं उघडं केलं आणि कानात कांद्याचे भाव सुरू झाले. ज्या विजेवर ते ऐकू येत होते ती आकाशवाणीनंच हवेतून पाठवलेली.

आता आजोबांचा फोन, तो २जीचा. २जीमध्ये एका वाहिनीवर आठ फोन पाळीपाळीनं बोलतात. एक फेरी साधारण ४.६ मिलिसेकंदांची, त्यातला आठवा हिस्सा आजोबांचा. तेवढ्यात जोरात ओरडायचं, की गप्प. असं सेकंदाला २१७ वेळा. लहर ९०० मेगाहर्ट्झची असली तरी तिचा ठोका २१७चा, आणि तो कानाला छान ऐकू येतो. स्पीकरची वायर आयतं एरियल होते, आणि आतल्या अँप्लिफायरमध्ये कुणी न लावलेलं दार असतंच. ट्रान्झिस्टरचा जोड डायोडसारखाच वागतो. रिंगच्या आधी आवाज येतो, कारण फोन आधी टॉवरशी बोलणी करतो, मग वाजतो.

आईचा ४जी फोन असा ठरावीक ठोक्यात चालू-बंद होत नाही. शिवाय त्याचा कमाल जोर ०.२ वॅट, आजोबांच्या फोनचा २ वॅट.

स्पीकर बिघडलेला नाही, दुरुस्तीला नेऊ नकोस. फोन हातभर लांब ठेव. तेवढ्यानं भागलं नाही तर वायरवर फेराइटचा मणी चढव, तो वायरीतून आत शिरणारी लहर अडवतो.

आणि सुराचं म्हणशील तर तुझ्या पेटीच्या पांढरी सहाच्या जवळपास, किंचित उतरलेला. खालच्या सप्तकातली पट्टी धरून बघ आणि जुळला का ते कळव.