त्र्यंबक-अंजनेरीकडे पावसाळ्यात दिसणारी वेल करटुल्याचीच आहे, हे फळ नसताना कसे ओळखावे?

आधी तणावा, म्हणजे आधाराला गुंडाळणारा वेलीचा दोऱ्यासारखा भाग, बघा. करटुल्याचा एकेरी असतो. टोकाला दोन फाटे असतील तर ती बहुधा शिवलिंगी: पाने पंजासारखी खोल चिरलेली, गोल हिरव्या फळांवर पांढरे पट्टे, पिकल्यावर लाल. ती विषारी आहे, खाऊ नका. रानतोंडलीचा तणावाही एकेरीच, पण फूल पांढरे आणि फळ गुळगुळीत.

खरी गल्लत होते ती रानकारल्याशी, कारण दोघांचीही फुले पिवळी. नर फूल हातात घ्या. करटुल्यात फुलाच्या अगदी खाली टोपीसारखे पान असते, ते कळीला पूर्ण कवेत घेते. कारल्यात हेच पान लहान आणि देठाच्या मध्यावर किंवा त्याहूनही खाली, फुलापासून लांब. शिवाय करटुले संध्याकाळी फुलते, कारले सकाळी.

वेल फुलांनी लगडली पण एकही फळ धरत नाही, तर ती बहुधा नर वेल. करटुल्यात नर-मादी वेली वेगळ्या असतात. नर वेल वांझ समजून कापू नका, जवळच्या मादी वेलींना फळ धरायचे बंद होईल. कंदही उपटू नका. पुढच्या पावसाळ्यात वेल त्यातूनच फुटते.