आजचं अवांगार्द, म्हणजे चाकोरी मोडणारं प्रयोगशील पाश्चात्त्य क्लासिकल ऐकायचंय, सुरुवात कुठून करू?

एकदम अवघड रचनेत उडी मारू नका, डोकं उठेल. आधी फ्रेंच संगीतकार ग्रिझेची 'पार्सिएल' (1975) लावा, हेडफोन घालूनच. ट्रॉम्बोन या फुंकून वाजवायच्या पितळी वाद्याच्या एका खालच्या सुरात जे वरचे स्वरांश दडलेले असतात ना, तेच बाकीची वाद्यं वाजवतात, म्हणजे एकच आवाज उसवून आत काय आहे ते दाखवल्यासारखं. चाल शोधत बसाल तर वैतागाल, आवाजाचा पोत कसा बदलतोय तिकडे कान ठेवा.

मग ऑस्ट्रियन संगीतकार हासची 'इन व्हेन' (2000), त्यात मधेच दिवे बंद होतात आणि वादक चक्क अंधारात वाजवतात, तुम्हीही लाइट घालवून ऐका.

जर्मन संगीतकार लाखेनमान मात्र नंतर, त्यांच्याकडे व्हायोलिन नुसतं खरखरतं, घासतं (मला आवडतं, पण पहिल्याच दिवशी नको). नाहीच जमलं तर बंद करा की, परीक्षा थोडीच आहे.