सर्व्हर घरी ठेवायचा, भाड्याने घ्यायचा की डेटा सेंटरात न्यायचा?

प्रश्न : आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, ३४० सभासद. तूर-सोयाबीनची आवक आणि पावत्या वेबसाइटवर घ्यायच्या आहेत. जुना रॅक सर्व्हर १८ हजारांत मिळाला, घरी १०० एमबीपीएसची फायबर लाइन आहे. साइट घरच्या वाय-फायवर उघडते, बाहेरून नाही. सर्व्हर घरीच चालवावा, भाड्याने घ्यावा, की आहे तोच मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरात नेऊन ठेवावा?
— एक संचालक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आधी साइट बाहेरून का उघडत नाही ते पाहू. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी, म्हणजे इंटरनेट कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, दिसतो, तो लिहून घ्या. मग त्याच वाय-फायवरून गूगलवर ‘माझा आयपी’ शोधा. दोन आकडे जुळले नाहीत आणि राउटरवरचा आकडा १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे इंटरनेट कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटला आहे. मग राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची मागणी घरातल्या सर्व्हरकडे वळवण्याची सेटिंग) कितीही करा, बाहेरची मागणी तुमच्या घरापर्यंत येतच नाही. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा कायमचा सार्वजनिक पत्ता, मिळत असेल तर हा अडथळा जातो. दुसरा मार्ग बोगद्याचा, तो पुढे सांगतो.

आता वीज. जुना रॅक सर्व्हर काही काम नसतानाही १५० वॅट खातो असे धरा. २४ तास, ३० दिवस, म्हणजे १०८ युनिट. घरचा वापर आधीच ९० युनिट असेल तर यातले ९८ युनिट शंभराच्या वरच्या टप्प्यात जातात, आणि तिथे महावितरणचा दर पहिल्या टप्प्याच्या जवळपास दुप्पट आहे. महिन्याला हजाराच्या आसपास रुपये नुसते विजेचे. तेवढ्यात मुंबईतल्या डेटा सेंटरमधला २ जीबी रॅमचा व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरमधला आपल्यापुरता स्वतंत्र हिस्सा, भाड्याने मिळतो. ३४० सभासदांच्या पावत्यांना तो पुरून उरेल. १८ हजारांचा सौदा स्वस्त नव्हता, हे आता सांगून उपयोग नाही.

शिवाय अशी यंत्रे साधारण ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेली असतात. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत रात्री अकरालाही तेवढे तापमान असते. म्हणून कोणी कूलरसमोर ठेवतात, ती त्याहून मोठी चूक : ओलसर हवा आणि धूळ मिळून पंख्यावर चिखल बसतो. जवळ जिनिंग असेल तर दिवाळीनंतर रुईचे तंतू हीटसिंकच्या फटीत नमद्यासारखे बसतात. दर महिन्याला ब्लोअर मारा, पण मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो नको तितक्या वेगाने फिरून बेअरिंग जाते.

तरी आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. सर्व्हर तुमच्या बॅटरीवर चालेल, पण गावातल्या केबलवाल्याचा स्विच त्याच्या बॅटरीवर असतो. दोन-तीन तास लाइट गेली की तुमचा सर्व्हर सुरू आणि लाइन मेलेली. मोजणीच्या दिवशी शंभर माणसे मोबाइल घेऊन उभी असताना हेच होणार.

म्हणून साइट आणि पावत्या भाड्याच्या व्हीपीएसवर ठेवा. घरी रॅक सर्व्हरऐवजी १०–१५ वॅटचा मिनी पीसी लावा. त्यावर रोज रात्री व्हीपीएसचा बॅकअप उतरवा आणि बँक पासबुकांच्या प्रतींसारखी कागदपत्रे तिथेच ठेवा, ती बाहेर उघड्या साइटवर नकोत. दोन्ही यंत्रांमध्ये वायरगार्ड या सॉफ्टवेअरचा बोगदा, म्हणजे इंटरनेटवरूनच जाणारी खासगी, कुलूपबंद जोडणी. जोडणी घरून बाहेर जाते, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. घरच्या बाजूला ‘पर्सिस्टंट कीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवायला विसरू नका. ते नसेल तर थोडा वेळ काही हालचाल झाली नाही की मधला राउटर ही जोडणी विसरतो, आणि सकाळी बोगदा बंद दिसतो.

डेटा सेंटरात स्वतःचा सर्व्हर नेऊन ठेवणे तुमच्यासाठी नाही. भाडे यंत्राच्या उंचीवर, म्हणजे ‘यू’वर, आणि विजेवर लागते. डिस्क गेली तर दारव्ह्याहून मुंबई गाठा, नाहीतर तिथल्या माणसाच्या वेळेचे पैसे भरा. मेल सर्व्हरही घरी नको : घरगुती जोडणीवर मेल पाठवण्याचा मार्ग, म्हणजे पोर्ट २५, बहुधा बंद असतो, आणि मेल गेलीच तरी स्पॅममध्ये पडते.

प्रश्न : मिनी पीसीवर घरचा सर्व्हर चालवतो, १५० एएचची बॅटरी आणि इन्व्हर्टर आहे. ओलिताचे पंप सुरू झाले की लाइट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, संध्याकाळी बॅटरी संपते. पीसी बंद पडला की आपोआप सुरूही होत नाही.
— वरुड, जि. अमरावती

उत्तर : इन्व्हर्टरच्या मागचे बटण पाहा, ते ‘यूपीएस’वर असणार. त्या मोडमध्ये साधारण १८० व्होल्टच्या खालची वीज इन्व्हर्टर नाकारतो. पंपांमुळे व्होल्टेज १७० वर आले की लाइट गेली असे समजून बॅटरीवर जातो, आणि बॅटरी चार्जच होत नाही. बटण ‘नॉर्मल’वर केले तर १००–११० व्होल्टपर्यंत वीज घेतो, पण बदली व्हायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात पीसी रिस्टार्ट होऊ शकतो. उपाय असा : इन्व्हर्टर नॉर्मलवर ठेवा आणि फक्त पीसी, राउटर व फायबरचा डबा यांच्यासाठी पुढे ६०० व्हीएचा छोटा यूपीएस लावा. या तिघांचा भार ३० वॅटच्या आसपास. बॅटरीत १२ गुणिले १५०, म्हणजे १,८०० वॅट-तास. त्यातले निम्मेच धरले आणि इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च वजा केला तरी रात्र आरामात निघते, अर्थात पंखे त्यावर नसतील तर.

आपोआप सुरू होण्यासाठी बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) ‘एसी पॉवर लॉस’नंतर ‘पॉवर ऑन’ निवडा. यूपीएसला यूएसबी असेल तर नट हे सॉफ्टवेअर बसवा, म्हणजे बॅटरी उतरताच पीसी नीट बंद होईल. पण एक खोच आहे. पीसी बंद झाला आणि यूपीएस संपण्याआधीच लाइट आली, तर पीसीच्या दृष्टीने वीज गेलेलीच नाही, मग तो उठणार कशाला? म्हणून पीसी बंद झाल्यावर यूपीएसनेही आपले आउटपुट तोडावे, अशी सेटिंग नटमध्ये करावी लागते.

मृगाच्या आधी अर्थिंगही तपासा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईपासून सुटते. मल्टिमीटरने न्यूट्रल-अर्थ मोजा. २–३ व्होल्टच्या वर दिसले तर खड्ड्यात पाणी टाकून पुन्हा मोजा, आणि तरी उतरले नाही तर वायरमनला बोलवा.

प्रश्न : ५०० जीबीचा बॅकअप घरून व्हीपीएसवर किती वेळात जाईल?
— मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : अपलोड २० एमबीपीएस असेल तर सुमारे ५५ तास, तेही लाइन एकदाही तुटली नाही तर. व्हीपीएसवर एवढी जागाही महाग पडते. पहिली प्रत हार्ड डिस्कवर काढून दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे ठेवा, आणि त्यापुढे रोजचे फक्त बदललेले भाग रेस्टिक या बॅकअपच्या सॉफ्टवेअरने पाठवा.